चित्र पाहण्याआधी जाळी पाहा

भूकंपाविषयीच्या पुस्तकांत आणि मासिकांत एक प्रकारचे चित्र तुम्ही पाहिले असेल. सुरीने कलिंगड कापावे तशी जमीन उभी कापलेली असते. वर काळ्या खडकाचा पातळ पापुद्रा, त्याखाली निळा भाग आणि त्यात मध्येच एक तांबडा डाग. खाली लिहिलेले असते, ‘भूकंपक्षेत्राखालील वीजवाहक थर’. हे चित्र इतके नीटनेटके असते की, कोणी तरी खाली उतरून छायाचित्रच काढून आणले आहे, असे वाटावे.

तसे मुळीच झालेले नसते. जमिनीवर काही ठिकाणी वीज आणि चुंबकत्व मोजलेले असते. बाकी सगळे चित्र संगणकाने गणित करून भरलेले असते. ते गणित करण्यासाठी संगणकाने जमिनीचे लहानमोठे खण पाडलेले असतात. खण किती मोठे घ्यायचे, कोणत्या आकाराचे घ्यायचे आणि कुठे थांबायचे, हे माणूस ठरवतो. माझे म्हणणे असे की, हा निर्णय चित्राइतकाच महत्त्वाचा आहे. तो वाचकाला सांगितला पाहिजे आणि तो विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.

हे म्हणणे पटवण्यासाठी मी मुद्दाम किल्लारीचे उदाहरण घेतो.

किल्लारीखाली काय आहे?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतींचे विसर्जन झाले होते आणि लोक गाढ झोपेत होते. लातूर जिल्ह्यातील औसा तालुका आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरचा परिसर यांतील गावेच्या गावे कोसळली. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. हजारो माणसे त्यांखाली गेली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा आकडा फार मोठा नव्हे. पण धक्का उथळ होता आणि घरे कमकुवत होती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली सुधारलेल्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. नकाशावरचा रंग म्हणजे निसर्गाने दिलेले वचन नव्हे, हा धडा किल्लारीने फार मोठी किंमत घेऊन शिकवला.

ह्या भागात भूकंप का व्हावा? याचा शोध घेण्यासाठी पुष्कळ संशोधक तेथे गेले. किल्लारीला जमिनीत ६१७ मीटर खोल वेध घेण्यात आला. त्यातून कळले की, वरचा काळा बेसाल्ट ३३८ मीटर जाड आहे. त्याखाली गाळाचा अवघा ८ मीटरचा थर आहे आणि त्याच्याही खाली अतिप्राचीन स्फटिकी खडक सुरू होतो. पण भूकंपाचा उगम काही किलोमीटर खोल होता. तिथवर वेध घेणे सोपे नाही. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ साली पूर्ण झालेला मोठा वेधही सुमारे तीन किलोमीटरच खोल आहे.

म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दुसरा मार्गही वापरला. त्याला मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत म्हणतात. जगभर कुठे ना कुठे विजा कडाडत असतात. सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हेलकावे देत असतात. ह्या दोहोंमुळे निर्माण होणाऱ्या विद्युत्चुंबकीय लहरी जमिनीत शिरतात. जमिनीवर एकाच वेळी विद्युत्क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र मोजले, तर दोहोंच्या गुणोत्तरावरून खालच्या खडकाची रोधकता काढता येते. अशा मोजणीवरून १९९० च्या दशकात असा निष्कर्ष निघाला की, किल्लारी परिसरात सुमारे सहा ते दहा किलोमीटर खोलीच्या दरम्यान वीज सहज वाहू देणारा भाग आहे. भेगाळलेल्या खडकात द्रव असावा, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. भेगांतील द्रवामुळे खडकाची ताकद कमी होते, म्हणून ह्या निष्कर्षाला महत्त्व आले.

लहर किती खोल जाते, ह्याचा एक सोपा हिशेब आहे. रोधकता ओहम-मीटरमध्ये आणि आवर्तकाल सेकंदात घ्या. दोहोंचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढा आणि निम्मे करा. उत्तर किलोमीटरमध्ये येईल. एवढ्या खोलीवर लहर सुमारे एकतृतीयांशाहून थोडी अधिक उरते. रोधकता १०० धरली, तर एकशतांश सेकंदाची लहर अर्धा किलोमीटर जाते, एक सेकंदाची पाच किलोमीटर आणि शंभर सेकंदांची पन्नास किलोमीटर. म्हणजे जलद लहरी वरचे सांगतात आणि संथ लहरी खोलचे सांगतात.

आता प्रश्न येतो तो चित्र काढण्याचा.

आलेखाच्या कागदावरचा प्रयोग

विद्युत्चुंबकीय क्षेत्रांचे नियम मॅक्सवेल यांनी १८६५ साली मांडले. सपाट थरांसारखी साधी रचना असेल, तर ही समीकरणे कागदावर सुटतात. खरी जमीन तशी नसते. म्हणून संगणक जमिनीचे खण पाडतो, प्रत्येक खणाला एक रोधकता देतो आणि शेजारच्या खणांशी मेळ घालत क्षेत्र काढतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ चौकोन मोजून काढण्यासारखेच हे काम आहे. तेव्हा तेच करून पाहू.

एक सेंटिमीटरच्या चौकोनांच्या कागदावर, रेघांच्या छेदनबिंदूवर केंद्र घेऊन, पाच सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. पूर्णपणे आत असलेले चौकोन मोजा, ते ६० भरतील. वर्तुळ ज्यांच्यात थोडे तरी शिरते, असे सगळे चौकोन मोजा, ते ८८ भरतील. खरे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे ते ह्या दोहोंच्या मध्ये कुठे तरी आहे. आता अर्धा सेंटिमीटरचे चौकोन घ्या. आतले चौकोन ६९ चौरस सेंटिमीटर देतात आणि बाहेरचे ८६. फट कमी झाली. चौकोन आणखी बारीक केले, की ती आणखी कमी होईल. इथवर सगळे मनासारखे झाले.

आता त्याच बाहेरच्या चौकोनांच्या कडेने परिघ मोजा. मोठ्या चौकोनांनी उत्तर येते ४० सेंटिमीटर. बारीक चौकोनांनीही येते ४०. चौकोन डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत बारीक केले, तरी ४०च येणार! खरा परिघ मात्र सुमारे ३१.४ आहे. कारण उघड आहे. आपण वाकड्या रेषेच्या जागी पायऱ्या चढत-उतरत आहोत. पायऱ्या कितीही लहान केल्या, तरी एकूण चढ-उतार तेवढाच राहतो.

हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करावा, असा माझा आग्रह आहे. कारण त्यात दोन धडे एकदम मिळतात. जाळी बारीक केल्याने काही चुका घटतात. पण खणाचा आकारच चुकीचा असेल, तर काही चुका बारीक जाळीनेही जात नाहीत. त्यासाठी आकार बदलावा लागतो. चौकोनांऐवजी तिरप्या कडेला लागून बसतील असे त्रिकोण घेतले, तर परिघही खऱ्याजवळ येऊ लागतो.

विद्युत्चुंबकीय गणितात हे दोन्ही मार्ग आहेत. केन यी यांनी १९६६ साली सुचवलेल्या पद्धतीत चौकोनी खण असतात. गणित सोपे होते, पण तिरपा पृष्ठभाग पायऱ्यांचा होतो. त्याच्या कडेने वाहणाऱ्या प्रवाहाला कोपऱ्याकोपऱ्यांवरून वळत जावे लागते आणि त्या कोपऱ्यांपाशी विद्युत्क्षेत्र खोटेच वाढते. दुसऱ्या पद्धतीत त्रिकोणी किंवा चतुष्फलकी खण घेतात. ते आकाराशी जुळतात. पण जाळी विणणेच मोठे कष्टाचे होते आणि एखादा खण सुईसारखा अणकुचीदार झाला, की गणित डळमळू लागते. किल्लारीचे माळरान बहुतेक सपाट आहे, त्यामुळे तेथे वरच्या पृष्ठभागाची पंचाईत फारशी नाही. हेच काम सह्याद्रीच्या कड्याखाली करायचे झाले, तर डोंगराचा उतार पायऱ्यांनी दाखवायचा की तिरप्या खणांनी, ह्यावर उत्तर बदलू शकते.

आठ मीटरचा थर कुठे गेला?

आता किल्लारीच्या वेधाकडे परत वळू. बेसाल्टच्या खाली गाळाचा ८ मीटरचा थर आहे, हे आपण पाहिले. समजा, आपल्या जाळीतील खण ५० मीटर उंचीचे आहेत. मग ह्या थराचे काय करायचे? तो एका खणात मावतो, पण त्या खणात ४२ मीटर दुसरा खडकही आहे. आणि एका खणाला एकच रोधकता देता येते.

सोपे जावे म्हणून गाळाची रोधकता १० आणि खडकाची १०० ओहम-मीटर धरू. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. एखाद्याने सगळा खण गाळाचाच मानला, तर विजेला ८ मीटरऐवजी ५० मीटरची वाट मोकळी झाली. थराची वीजवाहकता सहापटीने फुगली आणि त्याखालच्या सगळ्या चित्रावर तिची छाया पडली. दुसऱ्याने थर लहान म्हणून सोडूनच दिला, तर तो नाहीसाच झाला.

तिसरा विद्यार्थी शहाणा आहे. त्याला रोधांच्या जोडणीचा धडा आठवतो. प्रवाह आडवा वाहत असेल, तर दोन्ही थर समांतर जोडणीत आहेत. ८ भागिले १० म्हणजे ०.८, आणि ४२ भागिले १०० म्हणजे ०.४२. बेरीज १.२२. पन्नासला १.२२ ने भागले, की खणाची रोधकता सुमारे ४१ येते. ठीक. पण प्रवाह उभा वाहत असेल, तर तेच थर एकसर जोडणीत येतात आणि सरासरी येते ८५.६! एकाच खणाला आडव्या प्रवाहासाठी ४१ हवेत आणि उभ्या प्रवाहासाठी ८५.६ हवेत. आता कोणता आकडा लिहायचा?

ह्या प्रश्नाला सरधोपट उत्तर नाही. प्रवाह प्रामुख्याने कोणत्या दिशेने वाहतो, हे आधी विचारात घ्यावे लागते. नाही तर तेवढ्या भागापुरते खण लहान करावे लागतात. मग सगळीकडेच लहान खण का घेऊ नयेत? हिशेब करून पाहा. ४० किलोमीटर लांब, ४० किलोमीटर रुंद आणि २० किलोमीटर खोल असा प्रदेश घेतला आणि प्रत्येक बाजू १०० मीटर असलेले खण पाडले, तर ३ कोटी २० लाख खण होतात. बाजू निम्मी केली, की आठपट, म्हणजे २५ कोटी ६० लाख. आजचे संगणक मोठे असले, तरी अशी जाळी एकदा सोडवून भागत नाही. मोजलेल्या आकड्यांशी मेळ बसेपर्यंत ती पुन्हा पुन्हा सोडवावी लागते.

म्हणून जाणकार माणूस जिथे क्षेत्र झपाट्याने बदलते तिथे खण लहान ठेवतो. जमिनीलगत, थरांच्या सीमांवर आणि वीजवाहक भागाच्या कडांना ते लहान असतात; दूर जाताना ते हळूहळू वाढवतो. वरचे खण सर्वांत जलद लहरीच्या प्रवेशखोलीच्या काही अंश, साधारण चौथ्या भागाइतके, ठेवावेत असा एक ठोकताळा आहे.

कुठे थांबायचे?

जाळीला कडा असतात, पृथ्वीला नसतात. कडेवर काय घडते हे आपणच गृहीत धरतो. कडा जवळ असली, तर तिचा खोटा परिणाम मध्यभागी पोचतो. प्राचीन खडकाची रोधकता १,००० ओहम-मीटर धरली, तर शंभर सेकंदांच्या लहरीची प्रवेशखोली वरच्याच सूत्राने सुमारे १५८ किलोमीटर येते. म्हणजे ४० किलोमीटरचा प्रदेश पुरेसा नाहीच. त्याच्याभोवती मोठमोठ्या खणांचे रुंद कुंपण घालून कडा शेकडो किलोमीटर दूर न्यावी लागते. किल्लारीपासून अरबी समुद्र सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे आणि खारे पाणी उत्तम वीजवाहक आहे. फार संथ लहरींचे गणित करायचे असेल, तर किल्लारीच्या जाळीत समुद्राचाही विचार करावा लागतो, हे ऐकून नवल वाटेल. पण ते खरे आहे.

तसेच, जमीन फक्त खोलीप्रमाणे बदलते असे मानायचे, की एका आडव्या दिशेनेही, की तिन्ही दिशांनी? पहिल्या पर्यायात चित्र चवडीसारखे येते. तिसऱ्यात डाग, फटी, कोपरे दिसू शकतात. मोजणी तीच असते. ज्याला फक्त थरच काढायची परवानगी आहे, तो संगणक थरच काढील. चित्रात सलग थर दिसला म्हणून जमिनीत तो सलग आहे, असे म्हणण्याची घाई करू नये.

एकाच मोजणीची दोन चित्रे

सगळ्यांत अवघड गोष्ट तर पुढेच आहे. चार किलोमीटर जाडीचा आणि ४० ओहम-मीटर रोधकतेचा थर घ्या. दुसरा एक किलोमीटर जाडीचा आणि १० ओहम-मीटरचा घ्या. जाडी भागिले रोधकता केली, तर दोन्हींचे उत्तर १०० सीमेन्स. दोन्ही थर कित्येक किलोमीटर खोल असतील, तर जमिनीवरच्या उपकरणाला त्यांच्यात फरक ओळखणे फार कठीण असते. थराचा माथा किती खोल आहे हे बरेच चांगले कळते. जाडी आणि रोधकता वेगवेगळी सांगता येत नाही. मग चित्रात थर जाड दिसेल की बारीक? पुष्कळ वेळा ते खोलवरच्या खणांच्या उंचीवर अवलंबून राहते.

म्हणूनच ‘किल्लारीखाली पाणी आहे’ असे एखाद्याने सहज म्हटले, की मला काळजी वाटते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तळे उभे राहते. शास्त्रज्ञांनी तसे म्हटलेले नाही. खडकाच्या बारीक भेगांतील द्रव, एवढेच त्यांचे अनुमान आहे. खारट द्रवाशिवाय ग्रॅफाइटसारखी काही खनिजेही वीज चांगली वाहून नेतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. गुरुत्वाकर्षणाची मोजणी, भूकंपलहरींचा वेग, वेधातून आलेले खडक, अशा वेगळ्या मार्गांनी आलेले पुरावे एकमेकांशी जुळले, तर अनुमान बळकट होते. किल्लारीच्या अभ्यासात असे जुळवण्याचे प्रयत्न झाले, ही समाधानाची गोष्ट आहे.

मग विश्वास ठेवायचा की नाही?

कोणी म्हणेल, ‘हे सगळे तज्ज्ञांनी पाहावे; शाळकरी मुलांना ह्यात कशाला ओढता?’ दुसरा म्हणेल, ‘आता संगणक जाळी आपोआप विणतो, माणसाला काही ठरवावेच लागत नाही.’ तिसरा तर म्हणेल, ‘इतक्या अडचणी असतील, तर ती चित्रे टाकूनच द्या!’

तिसऱ्याला आधी उत्तर देतो. चौकोन मोजून आलेले ६० आणि ८८ हे आकडे निरुपयोगी नव्हते. खरे उत्तर त्यांच्यामध्ये आहे, हे त्यांनी नेमके सांगितले. चूक किती असू शकते हे सांगणारे उत्तर, काहीच न सांगणाऱ्या सुबक उत्तरापेक्षा कितीतरी मोलाचे असते. दुसऱ्याला म्हणेन की, आपोआप विणलेली जाळीही कोणी तरी घालून दिलेल्या नियमांनीच विणली जाते. आठ मीटरचा थर महत्त्वाचा आहे की नाही, हे त्या नियमांना ठाऊक नसते. वेधाचा नमुना हातात घेतलेल्या माणसाला ते ठाऊक असते. आणि पहिल्याला एवढेच सांगतो की, धोक्याचे नकाशे, धरणांच्या जागा, घरबांधणीचे नियम, यांमागे आज संगणकाची गणिते असतात. ज्यांना त्या घरांत राहायचे आहे, त्यांना चार प्रश्न तरी विचारता आले पाहिजेत.

ते चार प्रश्न असे. खण केवढे होते? जाळी दुप्पट बारीक केल्यावर उत्तर किती बदलले? कडा किती दूर होती? आणि चित्रातला हा डाग मोजणीतून आला, की खणाच्या आकारातून? ह्यांची उत्तरे चित्राखाली दोन ओळींत मावतात. ती छापण्याची पद्धत आपल्या मराठी मासिकांनी आणि पाठ्यपुस्तकांनी पाडावी, अशी माझी सूचना आहे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. आलेखाच्या कागदावर क्षेत्रफळ काढायला शिकवताना उत्तर आले की आपण वही मिटतो. त्याच तासाला वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने मोठे चौकोन घ्यावेत, दुसऱ्याने लहान; आणि दोघांनी परिघही मोजावा. उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. कोणाचे बरोबर, हे सांगण्याआधी ती का वेगळी आली आणि परिघाच्या बाबतीत दोघेही का फसले, हे मुलांना शोधू द्यावे. एका तासाचे काम आहे आणि खर्च एका कागदाचा. अशा वर्गातून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी पुढे किल्लारीखालचे चित्र पाहील, तेव्हा रंगांना भुलणार नाही; आधी जाळी विचारील.